ओल्या ढगात वीज साठते कशी? एका अर्धवट सुटलेल्या प्रश्नाचा इतिहास

पेट किंवा नेटची तयारी करणाऱ्यांचा हमखास प्रश्न असतो : "रिसर्चचा विषय सापडतो कुठे?" याचं सरळ उत्तर द्यायच्या ऐवजी आज एका जुन्या प्रश्नाचा इतिहास सांगायचा आहे. हा प्रश्न जालना जिल्ह्यात राहणाऱ्या कुणालाही पडू शकतो. त्यासाठी लॅब लागत नाही, दोन ऋतू डोळे उघडे ठेवून बघितले की पुरे.

पहिला ऋतू दिवाळीनंतरचा. अंबड, घनसावंगी, परतूर, भोकरदन भागातला कापूस जिनिंगवर येऊ लागतो. हवा कोरडी असते. अशा दिवसांत रुई फार कोरडी झाली की ती पत्र्याला चिकटते, रोलरला गुंडाळते, काम करणाऱ्याच्या हातावरचे केस उभे राहतात, लोखंडाला हात लावला की चट्‌कन झटका बसतो. यावरचा उपाय जिनिंगवाल्यांना पाठ असतो : हवेत ओलावा वाढवा. ओलावा आला की चिकटणं थांबतं.

दुसरा ऋतू मे-जूनचा. अवकाळी पाऊस किंवा मृगाची चाहूल. दुपारनंतर आभाळ भरून येतं आणि कडाडायला लागतं. शाळेत आपण शिकलो की ही वीजही स्थितिक विद्युतच आहे, कंगव्याने कागदाचे कपटे उचलले जातात त्याच जातीची, फक्त कितीतरी पटींनी मोठी.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवा. ओलाव्याने स्थितिक विद्युत नाहीशी होते. आणि सगळ्यात मोठी स्थितिक विद्युत तयार होते पाण्याने भरलेल्या ढगात. हे जमतं कसं? दोन्ही निरीक्षणं खरी आहेत, म्हणजे मधला काहीतरी दुवा आपल्या हातात नाही. तो दुवा शोधायला माणसांना जवळपास दोनशे वर्षं लागली. त्या प्रवासातला एक महत्त्वाचा टप्पा सिमल्याच्या पावसात आणि एक मुंबईच्या कुलाब्याला पार पडला.

आधी जिनिंगमधली वीज नीट समजून घेऊ

आपल्याकडच्या बहुतेक जिनिंगमध्ये डबल रोलर मशीन असतात. चामड्याचा रोलर कापसाचे तंतू ओढतो, पात्यापाशी सरकी अडते आणि रुई पुढे जाते. म्हणजे तंतू चामड्याला आणि लोखंडाला सतत भिडतात आणि सुटतात. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना भिडून सुटले की थोडा विद्युत प्रभार (बोलताना आपण ज्याला चार्ज म्हणतो तो) एकाकडून दुसऱ्याकडे जातो. एक धन होतो, दुसरा तेवढाच ऋण. नवीन प्रभार निर्माण होत नाही, असलेला वेगळा होतो. घासणं हे मुळात "पुन्हा पुन्हा भिडवणं आणि सोडवणं" आहे, म्हणून घासल्यावर परिणाम जास्त दिसतो.

प्रभार वेगळा होणं ही अर्धीच गोष्ट. तो टिकला तरच साठतो. दमट हवेत तंतूच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो. त्या थरातून प्रभार सरकतो, मशीनच्या लोखंडात जातो आणि तिथून जमिनीत. लक्षात ठेवा, इथे हवा वाहक बनलेली नसते. वाहक बनतो तो पृष्ठभाग. हा बारीक फरक पुढे फार कामाला येणार आहे.

झटका बसतो तेव्हा आकडे काय असतात? माणसाच्या शरीराची विद्युत धारिता साधारण १०० पिकोफॅरड धरतात. अंगावर ५,००० व्होल्ट साठले तर प्रभार होतो ०.५ मायक्रोकुलोम, म्हणजे सुमारे तीन लाख कोटी इलेक्ट्रॉन. ऐकायला प्रचंड, पण आभाळातून पडणाऱ्या एका नेहमीच्या विजेत २० कुलोमच्या आसपास प्रभार जमिनीवर येतो. म्हणजे जिनिंगमधल्या झटक्याच्या सुमारे चार कोटी पट.

एक रंगारी आणि तुटलेला रेशमी दोरा

घासलेलं अंबर हलक्या वस्तू ओढून घेतं हे ग्रीकांना अडीच हजार वर्षांपूर्वी माहीत होतं. इसवी सन १६०० मध्ये विल्यम गिल्बर्टने दाखवलं की फक्त अंबरच नाही, काच, गंधक, लाख असे कितीतरी पदार्थ हे करतात, आणि ही ओढ चुंबकापेक्षा वेगळी आहे. पण प्रभार एका जागेवरून दुसरीकडे जाऊ शकतो, हे समजायला पुढची सव्वाशे वर्षं गेली.

ते दाखवलं स्टीफन ग्रे या माणसाने. तो इंग्लंडमधल्या कँटरबरीचा, व्यवसायाने कापड रंगवणारा रंगारी. १७२९ मध्ये त्याने घासलेल्या काचेच्या नळीला सुतळी बांधली आणि त्या सुतळीचं दुसरं टोक लांबवर हलक्या वस्तू ओढतं का ते बघितलं. सुतळी आडवी न्यायची तर ती कशाला तरी टांगावी लागणार. त्याने बारीक रेशमी दोरे वापरले आणि प्रयोग जमला. पुढे सुतळी वाढवली तेव्हा वजनाने रेशीम तुटलं. मग त्याने तितकीच बारीक पितळी तार लावली. तार मजबूत होती, पण प्रयोग बंद पडला. प्रभार तारेतून निघून गेला.

इथे थोडं थांबा. ग्रेची आधीची समजूत होती की आधार बारीक असला की प्रभार गळत नाही. तार आणि रेशीम दोन्ही बारीक, तरी निकाल वेगळा. म्हणजे जाडीचा संबंध नाही, पदार्थाचा आहे. वाहक आणि विसंवाहक ही विभागणी इथून सुरू झाली. दोरा तुटला नसता तर हे कदाचित आणखी उशिरा कळलं असतं. तुमच्या प्रयोगात काही बिघडलं की आधी वहीत सविस्तर लिहून ठेवा, मग दुरुस्त करा.

पुढच्या काही वर्षांत गोष्टी भराभर झाल्या. १७३३ मध्ये फ्रान्सच्या द्यूफेने सांगितलं की वीज दोन प्रकारची असते, काचेची आणि राळेची. बेंजामिन फ्रँकलिनने १७४७ च्या सुमारास त्याच दोघांना अधिक आणि उणे म्हटलं आणि प्रभार नवा तयार होत नाही, इकडून तिकडे जातो, असं मांडलं. १७५७ मध्ये योहान विल्के याने पदार्थांची पहिली उतरंड लावली : यादीतले कोणतेही दोन पदार्थ घासा, वरचा धन होणार, खालचा ऋण. आजही पाठ्यपुस्तकात अशी यादी असते. ती यादी का लागते, याकडे शेवटी येऊ.

ढगातली वीज तीच, हे कसं कळलं

पतंगाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पण नोंदवलेला पहिला यशस्वी प्रयोग फ्रँकलिनच्या सूचनेवरून फ्रान्समध्ये झाला. १० मे १७५२ रोजी पॅरिसजवळच्या मार्ली-ला-व्हिल गावात दालिबार याने उभ्या केलेल्या उंच लोखंडी कांबीतून, ढग डोक्यावर असताना, ठिणग्या निघाल्या. कांब जमिनीपासून वेगळी ठेवायला खाली दारूच्या रिकाम्या बाटल्या लावल्या होत्या. स्वतः दालिबार तेव्हा तिथे नव्हता. ठिणगी काढली ती राखणीला ठेवलेल्या कॉफिए नावाच्या निवृत्त सैनिकाने.

हा खेळ किती धोक्याचा होता ते पुढच्याच वर्षी दिसलं. १७५३ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये गेओर्ग रिखमान हा शास्त्रज्ञ असाच प्रयोग करताना विजेने मेला. त्याची कांब जमिनीला जोडलेली नव्हती, मोजमापासाठी मुद्दाम वेगळी ठेवलेली होती. मोजमापासाठी उभारलेली कांब आणि घरावरचा तडितरक्षक यांच्यात हाच जीवघेणा फरक आहे : तडितरक्षकाला जमिनीपर्यंत अखंड जाड वाट हवीच.

फ्रँकलिनने आणखी एक गोष्ट तपासली. ढगाचा खालचा भाग धन की ऋण? त्याला बहुतेक वेळा ऋण सापडला, क्वचित धन. म्हणजे ढगात काय आहे ते कळलं. पण ते तिथे येतं कसं, हे कळलं नाही. आपला जिनिंगवाला प्रश्न इथेच अडकला आणि जवळपास दीडशे वर्षं अडकूनच राहिला.

सिमल्याचा पाऊस

१९०६ मध्ये जॉर्ज सिम्पसन नावाचा तरुण इंग्रज हवामानशास्त्रज्ञ भारतीय हवामान खात्यात नोकरीला आला. खात्याचं मुख्य कार्यालय तेव्हा सिमल्याला होतं. सिम्पसनने प्रश्न अगदी साधा केला : पाऊस पडताना सोबत कोणता प्रभार घेऊन येतो? जमिनीपासून विद्युतदृष्ट्या वेगळ्या ठेवलेल्या भांड्यात पाऊस गोळा करायचा आणि थोड्या थोड्या वेळाने इलेक्ट्रोमीटरवर प्रभार नोंदवायचा. १९०८ च्या पावसाळ्यात त्याने हे काम केलं आणि १९०९ मध्ये छापलं.

निकाल असा होता की पावसाने आणलेला धन प्रभार ऋणापेक्षा बराच जास्त. मग त्याने लॅबमध्ये हवेच्या उभ्या झोतावर मोठे थेंब तरंगवून फोडून बघितले. फुटलेल्या थेंबांवर धन प्रभार राहिला आणि हवेत ऋण गेला. धबधब्याजवळच्या हवेत असंच होतं हे लेनार्ड याने १८९२ मध्ये दाखवलेलं होतं. आता सगळं जुळत होतं. सिम्पसनने मांडलं : ढगात वर चढणाऱ्या हवेवर थेंब फुटतात, जड धन थेंब खाली राहतात, ऋण प्रभार हवेबरोबर वर जातो. म्हणजे ढग खाली धन, वर ऋण.

मांडणी देखणी होती. मोजमाप होतं, लॅबचा पुरावा होता, कारणही समजत होतं. आज आपल्याला असा सिनॉप्सिस मिळाला तर गाइड लगेच सही करतील.

केंब्रिजहून उलटं उत्तर

पण केंब्रिजच्या सी. टी. आर. विल्सन यांना उलटं दिसत होतं. (क्लाउड चेंबरसाठी १९२७ चं नोबेल मिळालेले विल्सन ते हेच.) त्यांनी पाऊस मोजला नाही. त्यांनी जमिनीवर विद्युत क्षेत्र मोजलं आणि वीज चमकल्यावर ते क्षेत्र झटक्यात किती आणि कोणत्या दिशेने बदलतं, हे नोंदवलं. १९१६ आणि १९२० च्या सुमाराच्या त्यांच्या पेपरांमधून निघत होतं ते असं : ढग वर धन, खाली ऋण. सिम्पसनच्या बरोब्बर उलट.

विल्सन यांच्या पद्धतीमागचा तर्क समजून घ्या, कारण तो कागद-पेन्सिल घेऊन करून बघता येतो. ढगात वर एक प्रभार आणि खाली त्याच्या विरुद्ध प्रभार आहे असं धरा. ढग डोक्यावर असेल तर खालचा प्रभार जवळ, म्हणून त्याचं वजन जास्त. ढग खूप दूर असेल तर दोघांपर्यंतचं अंतर जवळजवळ सारखंच, पण वरचा उंचावर असल्यामुळे जमिनीवरच्या उभ्या क्षेत्रात त्याचा वाटा मोठा ठरतो. म्हणजे एकच ढग जवळून एक चिन्ह दाखवतो आणि लांबून दुसरं. म्हणून मोजणारा किती अंतरावर उभा आहे हे लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

हा वाद वीस वर्षांच्या आसपास चालला. याच काळात मुंबईत कुलाबा वेधशाळेत डॉ. एस. के. बॅनर्जी डोक्यावरून जाणाऱ्या गडगडाटी ढगांखाली विद्युत क्षेत्राच्या नोंदी घेत होते. त्यावरचा त्यांचा पेपर १९३२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. हेच बॅनर्जी पुढे १९४४ मध्ये भारतीय हवामान खात्याचे पहिले भारतीय महासंचालक झाले. आपल्याकडे वाद युरोपात झाले आणि आपण फक्त वाचले, असा समज असेल तर तो काढून टाका. या प्रश्नाचा कच्चा माल इथल्याच आभाळातून गेला होता.

फुगा पाठवून निकाल

सिम्पसन पुढे ब्रिटनच्या हवामान खात्याचे संचालक झाले. आणि मग त्यांनी जे केलं त्यासाठी हा सगळा लेख लिहावासा वाटला. जमिनीवर बसून वाद मिटत नाही हे ओळखून त्यांनी स्क्रेस या सहकाऱ्याबरोबर थेट ढगात उपकरण पाठवायचं ठरवलं. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेतून फुगे सोडले. प्रत्येक फुग्याखाली एक हलकं, स्वस्त यंत्र : घड्याळावर फिरणारा, रसायनात भिजवलेला कागद. त्यातून प्रवाह कोणत्या दिशेने वाहिला ते कागदावरच्या डागावरून कळायचं. म्हणजे किती उंचीवर क्षेत्राची दिशा काय, याची नोंद आपोआप व्हायची.

१९३७ मध्ये निकाल छापला. ढगाच्या वरच्या भागात धन, मध्ये ऋण, आणि अगदी तळाशी पुन्हा धन प्रभाराचा एक लहान पुंजका. मोठं चित्र विल्सन यांचं निघालं. ज्याचा सिद्धांत मागे पडला त्याच माणसाने, स्वतःच्या नावावर, तो निकाल छापला. आणि सिमल्याचा डेटा? तोही खोटा नव्हता. तळाचा धन पुंजका खरोखर होता. शिवाय आणखी एक कारण पुढे आलं. ढगाचा ऋण भाग वर आला की जमिनीवरची झाडं, गवत, टोकदार वस्तू यांच्या टोकांतून धन आयन हवेत सुटतात, आणि खाली येणारा पाऊस ते वाटेत गोळा करतो. म्हणजे भांड्यात पडलेल्या थेंबाने ढगाची खबर आणलीच, पण शेवटच्या किलोमीटरभर हवेचीही खबर त्यात मिसळली.

सिम्पसनचं मोजमाप बरोबर होतं. चूक झाली ती "पावसाचा प्रभार म्हणजे ढगाचा प्रभार" या न लिहिलेल्या गृहीतकात. लिटरेचर रिव्ह्यू करताना तुम्ही प्रत्येक पेपरमधून निष्कर्ष उचलता. त्याच्या शेजारी एक कॉलम वाढवा : उपकरण कुठे ठेवलं होतं, आणि मोजलेली गोष्ट व सांगितलेली गोष्ट यांच्यामध्ये काय काय आलं.

तर ओलावा आड का येत नाही?

आता मूळ कोडं सोडवू. १९३७ च्या पेपरमध्येच सिम्पसन आणि स्क्रेस यांनी वरच्या प्रभाराचं श्रेय पाण्याला न देता बर्फाला दिलं होतं. कारण तो भाग शून्य अंशाच्या कितीतरी खालच्या तापमानात होता. पावसाळ्याआधी आपल्याकडे जमिनीवर चाळीस अंश असले तरी साधारण साडेचार-पाच किलोमीटर उंचीवर तापमान शून्याला येतं. गडगडाटी ढग त्याच्या दुप्पट-तिप्पट उंच जातो. म्हणजे त्याचा मोठा भाग बर्फाचा असतो. मराठवाड्याने २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जी भयानक गारपीट सोसली, ती याच बर्फाची एक शाखा.

या थंड भागात तीन गोष्टी एकत्र असतात : बर्फाचे बारीक स्फटिक, शून्याखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब, आणि ते थेंब अंगावर गोठवून घेत वाढणाऱ्या मऊ, साबुदाण्यासारख्या गारा. हलके स्फटिक वर चढणाऱ्या हवेबरोबर जातात, जड गारा खाली येतात. येता-जाता त्यांची टक्कर होते, क्षणभर भिडतात आणि सुटतात. जिनिंगमधलंच दृश्य, फक्त रुई आणि चामड्याच्या जागी बर्फ आणि बर्फ. १९७८ मध्ये जपानी शास्त्रज्ञ ताकाहाशी यांनी लॅबमध्ये मोजून दाखवलं की साधारण उणे दहा अंशांपेक्षा थंड भागात गार सहसा ऋण होते आणि त्यापेक्षा उबदार भागात धन. म्हणजे मधला ऋण थर आणि तळाचा धन पुंजका, दोन्हींचं कारण एकाच प्रयोगातून मिळू लागलं. धन झालेले हलके स्फटिक वर जातात आणि माथ्यावर धन प्रभार साठतो.

आणि ओलावा? जिनिंगमध्ये ओलावा प्रभाराला जमिनीकडे जायची वाट देतो. तंतूवरचा पाण्याचा थर मशीनला टेकलेला, मशीन जमिनीला. ढगात प्रत्येक कण हवेत एकटा लटकलेला. त्याचा पृष्ठभाग कितीही ओला असला तरी तो टेकणार कशाला? मधे हवाच, आणि हवा दमट असली तरी चांगली विसंवाहकच. ग्रेच्या भाषेत सांगायचं तर ढगातला प्रत्येक कण रेशमी दोऱ्याने टांगलेला आहे. वाट नाही म्हणून प्रभार साठत जातो. शेवटी हवाच फुटते आणि आपण तिला वीज पडली म्हणतो.

अजून काय सुटलेलं नाही

इथे "प्रश्न सुटला" म्हणून वही मिटू नका. तीन मोठे दरवाजे उघडेच आहेत.

पहिला : भिडताना नेमकं काय सरकतं? इलेक्ट्रॉन, आयन, की पदार्थाचाच सूक्ष्म कण? हे अवघड का, ते एका हिशोबातून कळेल. साध्या हवेत पृष्ठभागावर जास्तीत जास्त किती प्रभार टिकेल हे हवेच्या सहनशक्तीवर ठरतं, मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट. त्यावरून गणित केलं तर पृष्ठभागावरच्या साठ हजार अणूंमागे जेमतेम एक जास्तीचा इलेक्ट्रॉन येतो. म्हणजे पृष्ठभाग ९९.९९ टक्के शुद्ध असला तरी उरलेली घाण प्रभारापेक्षा जास्त भरते. म्हणून एकच प्रयोग दोन लॅबमध्ये वेगळा येतो. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने दाखवलं की "धन" झालेला पृष्ठभागही आतून धन आणि ऋण ठिपक्यांची गोधडी असतो. २०२५ मध्ये ऑस्ट्रियातल्या एका गटाने एकाच पदार्थाचे सारखे तुकडे घेतले. सुरुवातीला निकाल वाट्टेल तसे आले, पण पुन्हा पुन्हा भिडवल्यावर त्यांची विल्केसारखी उतरंड लागली. आधी किती वेळा भिडलात, यावर धन की ऋण ठरत होतं. अडीच हजार वर्षांचा विषय, आणि पेपर कालपरवाचा.

दुसरा : ढगात फुग्यांनी मोजलेलं विद्युत क्षेत्र हवा फोडायला लागणाऱ्या क्षेत्राच्या साधारण दहाव्या भागाएवढंच भरतं. तरी वीज सुरू होते. कशी, यावर वाद आहे.

तिसरा : ढगात एकूण किती व्होल्ट असतात? विल्सन यांनी १९२० च्या दशकात शंभर कोटी व्होल्टच्या घरातला अंदाज केला होता. फुग्यांना त्याच्या जवळपासही सापडत नव्हतं. मग उटीला टाटा इन्स्टिट्यूटच्या ग्रेप्स-३ प्रयोगात, वैश्विक किरणांमधले म्यूऑन ढगातून येताना कमी कसे होतात यावरून, १ डिसेंबर २०१४ च्या एका ढगाचा हिशोब निघाला : सुमारे १३० कोटी व्होल्ट. हा पेपर २०१९ मध्ये आला. ते उपकरण विजेसाठी बांधलेलंच नव्हतं. फुगा ढगाच्या एका रेषेतून जातो, म्यूऑन अख्ख्या ढगातून येतात. पुन्हा तोच मुद्दा, कुठून मोजलं.

हे सगळं जालन्याच्या शिवारात

या इतिहासाचा हिशोब कागदावरच राहत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत २०२२ या एका वर्षात भारतात विजेने २,८८७ माणसं गेली. आपल्याकडे यातले बहुतेक जण उघड्या शेतात असतात : पेरणीच्या तयारीत, कापूस वेचताना, जनावरं राखताना, किंवा पाऊस आला म्हणून झाडाखाली उभे राहिलेले.

पायाळू माणसावर वीज पडते असं तुम्ही घरी ऐकलं असेल. वर सांगितलेल्या हिशोबात माणूस पायाकडून जन्मला की डोक्याकडून, याला जागा नाही. जागा आहे ती उंचीला आणि एकटं उभं असण्याला. सपाट शिवारात एकटं लिंबाचं झाड सगळ्यात उंच. वीज त्यावर पडते, तिथून शेजारच्या माणसावर उडी मारते, आणि जमिनीतून पसरताना दोन पायांमध्ये व्होल्टेजचा फरक तयार करते. बैल-गाईंचे पुढचे-मागचे पाय लांब अंतरावर असल्यामुळे त्यांना हा फरक जास्त लागतो. एका झाडाखालची जनावरं एकदम दगावतात ती बऱ्याचदा यामुळे.

घरच्यांना दोन गोष्टी नक्की सांगा. एक, आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर येतो. चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा. दोन, वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज शिल्लक राहत नाही. शरीर वाहक आहे आणि जमिनीला टेकलेलं आहे, प्रभार तेव्हाच निघून गेलेला असतो. हात लावायला घाबरू नका. श्वास किंवा हृदय थांबलं असेल तर छाती दाबायला लगेच सुरुवात करा आणि १०८ ला फोन लावा. या भीतीत गेलेली पाच मिनिटं जीव घेतात.

पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने २०१४ मध्ये महाराष्ट्रात विजा टिपणाऱ्या सेन्सरचं जाळं उभं केलं. त्यांचं दामिनी ॲप फोनवर आजूबाजूच्या विजांचा इशारा देतं. ते घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर टाका. आणि विषय शोधत असाल तर त्या इशाऱ्यापासूनच सुरुवात करा : इशारा मिळाल्यापासून तुमच्या गावातल्या शेतात काम करणारा माणूस पक्क्या छपराखाली पोचेपर्यंत किती मिनिटं जातात? मधल्या वाटेत काय काय येतं? हा प्रश्न भौतिकशास्त्राचा, भूगोलाचा आणि समाजशास्त्राचाही आहे. घड्याळ घेऊन गावात फिरलात की त्याचा पहिला डेटा तुमच्या वहीत येईल. कॉलम आखताना एक जागा मात्र ठेवा : मोजलं कुठे उभं राहून.